कलामसाहेब निवडून आले, त्या दिवसांविषयी

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त 15 ऑक्टोबरला घाटकोपर येथे झालेल्या युवा मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



आजच्या दिवशी कोणी भाषणाला उभं राहिलं की पुढे काय येणार हे तुम्हाला पाठ असतं. रामेश्वरमचा गरीब मुलगा, वर्तमानपत्रं विकली, शिकला, रॉकेट उडवलं, राष्ट्रपती झाला. तुम्हीही स्वप्नं बघा. मी शाळेत विज्ञान शिकवते. 2015 पासून कलामसाहेबांचा वाढदिवस आपल्या राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि दर वर्षी मी अशी आठ-दहा भाषणं ऐकते. त्यातलं खोटं काहीच नाही. पण ते सगळं तुम्ही शाळेत ऐकलेलं आहे. आज मी त्यांच्याबद्दल कमी आणि माझ्याबद्दल, म्हणजे त्यांच्या एका समर्थक मुलीबद्दल जास्त बोलणार आहे. काळ 10 जून ते 25 जुलै 2002. त्या दीड महिन्यात आमच्या घरात जे झालं आणि पुढे त्या समर्थनाचं माझ्या मनात काय झालं, ते सांगते.

मी तेव्हा सतरा वर्षांची. आम्ही घाटकोपर पश्चिमेला चिरागनगरात राहायचो. अब्बा बेस्टमध्ये कंडक्टर. गाव खेड तालुक्यात. घरात कोकणी, शाळेत मराठी, मदरशात उर्दू, टीव्हीवर हिंदी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच असेल. आणि "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता" हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. मी ते बालवाडीपासून ऐकतेय.

ते साल कसं होतं, हे तुमच्यातल्या लहानांना माहीत नसेल. फेब्रुवारीच्या शेवटी गोध्रा घडलं आणि मग गुजरात पेटलं. घाटकोपर हे अर्धं गुजराती बोलणारं उपनगर. माझ्या वर्गातल्या निम्म्या मैत्रिणींचे नातेवाईक अहमदाबाद-बडोद्याचे. कोणी कोणाला काही बोलत नव्हतं; पण मार्च ते मे आम्ही एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं टाळत होतो. आमच्या घरात 1992-93 ची आठवण ताजी होती. अम्मीनं रेशनकार्ड, अब्बांचं बेस्टचं ओळखपत्र आणि आमचे शाळेचे दाखले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराशी ठेवले होते. उठून पळायची वेळ आली तर पिशवी शोधायला लागू नये म्हणून.

अशा वेळी 10 जूनला संध्याकाळी बातमी आली की सत्ताधारी आघाडीनं राष्ट्रपतिपदासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं नाव जाहीर केलंय. त्याआधी आपल्या महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर आणि उपराष्ट्रपती कृष्णकांत यांची नावं चर्चेत होती. कलामांचं नाव आमच्या कोणाच्या मनातही नव्हतं. अब्बा ड्युटीवरून आले, खाकी शर्ट अंगातच होता. त्यांनी बातम्या पूर्ण ऐकल्या आणि अम्मीला म्हणाले, "ती पिशवी जरा आत ठेव." एवढंच. मला वाटतं, आमच्या घराचा पाठिंबा त्याच क्षणी जाहीर झाला.

आता गंमत अशी की या निवडणुकीत आम्हाला मतच नव्हतं. राष्ट्रपती निवडतात खासदार आणि आमदार. मी बारावीचं गणित करून मोकळी झालेली. पेपरात मताचं मूल्य काढायची रीत आली होती, ती मी वहीत सोडवली. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 5 कोटी 4 लाख 12 हजार 235. तिला आमदारांच्या संख्येनं, म्हणजे 288 नं भागायचं आणि मग हजारानं. उत्तर येतं 175. आमच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175, खासदाराच्या मताचं 708 आणि आमचं शून्य. तरीही मी प्रचार केला! पेपरातला त्यांचा फोटो कापून घराच्या दाराला आतून चिकटवला. बाहेरून चिकटवायला अम्मी नको म्हणाली. शेजारच्या काकूंनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पेपरातली कात्रणंही मला आणून दिली. मार्चनंतर त्या पहिल्यांदाच आमच्याकडे चहाला बसल्या. आमचा प्रचार म्हणजे एवढाच.

खऱ्या प्रचाराची सूत्रं प्रमोद महाजनांकडे होती. ते 1996 साली आमच्याच ईशान्य मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले होते. त्या दिवसांत एक किस्सा सांगितला जायचा. उमेदवारी अर्जासाठी कोणता मुहूर्त सोयीचा, असं कलामांना विचारलं. त्यांनी सांगितलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होतात, सूर्याभोवती फिरते म्हणून वर्ष होतं. यात शुभ-अशुभ काय? मी तेव्हा हा किस्सा वर्गात, दुकानात, नळावर, सगळीकडे सांगत सुटले होते. पत्रिका बघून लग्नं ठरवणाऱ्यांना आणि ताईत बांधणाऱ्यांनाही. आमच्या फुफीच्या गळ्यात तेव्हा तीन ताईत होते.

पण घरात एक विरोधी पक्षही होता. माझे चाचा. ते विक्रोळीच्या कारखान्यात कामाला, लाल बावट्याच्या युनियनमध्ये. डाव्या पक्षांनी कलामांच्या विरोधात कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभं केलं होतं. नेताजींच्या आझाद हिंद सेनेतल्या राणी झांशी रेजिमेंटच्या प्रमुख. पुढे कानपूरला आयुष्यभर गरीब बायकांची बाळंतपणं केलेली डॉक्टर. 1984 च्या शीखविरोधी दंगलीत कानपूरमध्ये शिखांना वाचवायला रस्त्यावर उतरलेली बाई. वय 87, आणि त्या वयात देशभर फिरून उघडपणे बोलत होत्या. चाचा अब्बांना म्हणाले, "भाईजान, तुम्हाला मुसलमान राष्ट्रपती हवाय, की मुसलमान मारला जातो तेव्हा बोलणारा राष्ट्रपती हवाय? नाव बघून मत देणार असाल तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

अब्बा म्हणाले, "तू बरोबर बोलतोयस. पण रोज सकाळी बसमध्ये चढल्यावर लोक माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचतात. उद्या देशातल्या प्रत्येक कचेरीत असलंच एक नाव भिंतीवर लागणार आहे. तुला त्याची किंमत कळत नसेल तर राहू दे."

मी दोघांचंही ऐकत होते. आज इतक्या वर्षांनी सांगते, मला अजून वाटतं की दोघंही बरोबर होते. चाचांचा प्रश्न हा नागरिकाचा प्रश्न होता. अब्बांचं उत्तर हे घाबरलेल्या माणसाचं उत्तर होतं, आणि घाबरलेल्या माणसाचं उत्तर चुकीचं असतंच असं नाही.

तिसरा विरोध आमच्या मोहल्ल्यातून आला. कलाम गीता वाचतात, वीणा वाजवतात, मांस खात नाहीत, लग्न केलेलं नाही. हे कसले मुसलमान? वर्तमानपत्रांतही कोणी कोणी लिहिलं की हे नावापुरते मुसलमान. म्हणजे बघा, एकाच माणसाची एकाच वेळी दोन परीक्षा मंडळं परीक्षा घेत होती. बाहेरचं मंडळ विचारत होतं, मुसलमान असून हा आपल्यासारखा आहे ना? आतलं मंडळ विचारत होतं, आपल्यासारखा नसून हा मुसलमान आहे का? रामेश्वरमच्या मशिदीत वडिलांचं बोट धरून नमाजाला जाणारा आणि देवळाच्या पुजाऱ्यांना वडिलांचे जिवलग मित्र म्हणून ओळखणारा मुलगा दोन्ही मंडळांच्या पेपरात बसत नव्हता. मला सतराव्या वर्षी ते फार ओळखीचं वाटलं. मीही दोन्हीकडे नापास होत होते. कॉलेजात डबा उघडला की एक प्रश्न, मोहल्ल्यात मराठी पुस्तक घेऊन बसले की दुसरा.

15 जुलैला, सोमवारी, मतदान झालं. त्या वर्षी जुलैत देशभर पावसानं दडी मारली होती; उकाडा आणि पाण्याची चिंता सोडून कोणाला दुसरं सुचत नव्हतं. 18 जुलैला निकाल लागला. कलामांना मिळालेल्या मतांचं मूल्य 9 लाख 22 हजार 884 आणि कॅप्टन लक्ष्मींना 1 लाख 7 हजार 366. काँग्रेसनंही पाठिंबा दिलेला असल्यामुळे निकालात धक्का नव्हता. योगायोग असा की 1980 साली 18 जुलैलाच कलामांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या एसएलव्ही-3 नं रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला होता. त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तोच प्रयोग फसून रॉकेट समुद्रात पडलं होतं. हे दोन्ही एका पेपरात आलं होतं आणि मी ते अधोरेखित करून ठेवलं होतं.

मला काय वाटलं? खरं सांगायचं तर मी रडले. कारण कळलं नाही. चाळीत पेढे आले. ज्या घरातून मार्चमध्ये आमच्याशी कोणी बोलत नव्हतं त्या घरातूनही आले. 25 जुलैला शपथविधी होता. अब्बांनी रजा टाकली. बेस्टच्या नोकरीत अब्बांनी ईद सोडून रजा टाकलेली मला तेवढीच आठवते. टीव्हीवर 'मी अब्दुल कलाम' असा आवाज आला तेव्हा अब्बा उभे राहिले. चाचाही आले होते. ते बसून राहिले, पण त्यांनी चहा थंड होऊ दिला.

पुढच्या महिन्यात राष्ट्रपती म्हणून कलामांनी पहिला मोठा दौरा केला तो गुजरातचा. तीन छावण्या आणि दंगलीत पोळलेल्या नऊ जागा त्यांनी पाहिल्या. त्यांनी नंतर लिहून ठेवलंय की पंतप्रधानांनी त्यांना विचारलं होतं, या वेळी गुजरातला जाणं आवश्यक वाटतं का. आणि त्यांनी सांगितलं की वाटतं. एका छावणीत एक सहा वर्षांचा मुलगा पुढे आला. त्यानं राष्ट्रपतींकडे आपले आईबाप मागितले. राष्ट्रपतीकडे तेवढं सोडून बाकी सगळं होतं. त्या रात्री चाचांनी स्वतःहून अब्बांना म्हटलं, "गेला, हे चांगलं केलं त्यानं." आमच्या घरातला वाद तिथे मिटला.

माझा वाद मात्र तिथे सुरू झाला.

2 डिसेंबर 2002. घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये बॉम्ब फुटला. दोन माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. अब्बांची बस वेगळ्या मार्गावर होती. ते रात्री उशिरा चालत घरी आले. आम्ही तोवर दारात उभे. ते आले आणि आम्हाला हायसं वाटलं, तेवढ्यात खाली कोणीतरी मोठ्यानं म्हणालं की यांचीच पोरं असणार. अब्बांच्या अंगावर बेस्टचाच खाकी गणवेश होता. ज्या बसच्या नोकरीवर आमचं घर चालायचं तीच बस फोडली गेली होती, आणि संशय आमच्यावर. अम्मीनं ती पिशवी पुन्हा दाराशी आणून ठेवली. राष्ट्रपती तेच होते. दाराला आतून फोटोही तोच होता.

मग धरपकड सुरू झाली. पोटा कायदा नवा होता. परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईला नोकरी करणारा, डिसेंबरच्या शेवटी पकडला गेला. जानेवारी 2003 मध्ये तो घाटकोपरच्या कोठडीतून दिसेनासा झाला. पोलिसांनी सांगितलं की चौकशीसाठी नेताना पळाला. पुढे राज्याच्या सीआयडी चौकशीतून तो कोठडीतच मेल्याचं समोर आलं आणि पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्याची आई वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. ज्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यात त्याला धरलं होतं त्यातले उरलेले आरोपी 2005 साली निर्दोष सुटले.

मला हे का सांगावंसं वाटतंय? कारण जुलै ते जानेवारी या सहा महिन्यांत मी एक हिशेब मनात पक्का केला होता, आणि तो कोलमडला. हिशेब असा होता: आपण शिकलो, देशासाठी काही केलं, नीट राहिलो, तर आपल्याला कोणी काही करणार नाही. कलाम हे त्या हिशेबाचं उत्तर. पण इंजिनिअर तर युनूसही होता. मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडून बसले आणि डोक्यात एकच: पदवी कोणाला वाचवते आणि कोणाला नाही, हे कोण ठरवतं?

बसमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्यांबद्दल माझ्या मनात तिळमात्र सहानुभूती नाही. मार्च 2003 मध्ये मुलुंडला लोकलमध्ये स्फोट झाला, पुन्हा माणसं गेली. त्या गाडीत आपल्या सगळ्यांचेच लोक असतात. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण ती गुन्हेगाराला, आणि कोर्टातून. हे सांगायला मला आधी कलामांचा फोटो दाखवावा लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुढे मी एमएस्सी केलं, नोकरी लागली, लग्न झालं. आम्ही दोघं मुलुंड ते बोरिवली भाड्याचं घर शोधत होतो. एका एजंटच्या कचेरीत बसलो. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर कलामसाहेबांचा मोठा फोटो. मला वाटलं, चला, इथे काम होईल. त्यानं आमची नावं विचारली आणि वही मिटली. "मॅडम, राग मानू नका, सोसायटीत चालत नाही." मी कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "ते वेगळे हो! त्यांच्यासारखे सगळे असते तर प्रश्नच नव्हता." तो माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला चहाही पाजला.

'त्यांच्यासारखे असते तर.' माझ्या त्या दीड महिन्याच्या समर्थनाला असं टोक फुटलं होतं. ज्या माणसाच्या निवडीनं माझ्या घराचं दार उघडलं असं मला वाटलं होतं, त्याच माणसाचं माप लावून दुसरी दारं बंद होत होती. आणि मला स्वतःलाही विचारायला लागलं की हे माप मीही वापरत होते का? होते. मोहल्ल्यातली शाळा सोडलेली मुलं, वेल्डिंगचं काम करणारी, दाढी ठेवलेली. मीही त्यांच्याकडे बघून म्हणायची, कलामांसारखं काहीतरी करा, म्हणजे आपली मान उंच होईल. जणू मान उंच करायची जबाबदारी फक्त त्यांची. भाड्याचं घर मिळण्यासाठी क्षेपणास्त्र बनवायची अट शेजारच्या काकूंच्या मुलाला नाही. तो सामान्य राहू शकतो. दहावी नापास होऊनही तो या देशाचा पूर्ण नागरिक असतो, आणि असायलाच हवा. मला माझ्या वेल्डर भावासाठी तेवढंच हवंय.

समर्थकाचं आणखी एक काम असतं, ते मला उशिरा कळलं. ज्याला पाठिंबा दिला त्याला प्रश्न विचारायचे. 2005 साली बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या शिफारशीवर कलामांनी मॉस्कोत असताना मध्यरात्री सही केली. सर्वोच्च न्यायालयानं ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. राजीनाम्याचा विचार मनात आला होता असं त्यांनी पुढे लिहिलं. 2006 मध्ये मात्र लाभाच्या पदांचं विधेयक त्यांनी एकदा संसदेकडे परत पाठवलं. म्हणजे एकदा चुकले, एकदा ताठ उभे राहिले. आपले तीन मुस्लिम राष्ट्रपती बघा. झाकिर हुसेन, 1967 ची चुरशीची निवडणूक जिंकून आलेले शिक्षणतज्ज्ञ. फखरुद्दीन अली अहमद, 1975 साली आणीबाणीच्या कागदावर सही करणारे. आणि कलाम. तिघं तीन तऱ्हेचे. फखरुद्दीनसाहेबांच्या सहीची लाज सगळ्या मुसलमानांनी वाहायची नसते, तशी कलामसाहेबांच्या रॉकेटची फी सगळ्या मुसलमानांनी भरायची नसते.

27 जुलै 2015 ला शिलाँगला विद्यार्थ्यांपुढे बोलता बोलता ते गेले. शिक्षकाला यापेक्षा चांगलं मरण नाही. 30 जुलैला रामेश्वरमला दफनविधी झाला. त्याच दिवशी सकाळी नागपुरात याकूब मेमनला फाशी झाली आणि संध्याकाळी मुंबईत त्याचं दफन. 1993 च्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली होती. तो दिवस या शहरासाठी साधा नव्हता. माझ्या फोनवर दुपारपर्यंत एकच संदेश पाच जणांकडून आला: एक मुसलमान असा, एक मुसलमान तसा, ठरवा तुम्ही कोणाचे. पाठवणारे माझे सहकारी होते, मला आवडणारी माणसं. मी काही उत्तर दिलं नाही. आज देते. मी कोणाची हे मी ठरवून सांगावं असा प्रश्न तुम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून मीही त्याचं उत्तर देणार नाही. आणि ज्यांचा फोटो तुम्ही त्या संदेशात लावला होता त्या कलामसाहेबांनी विधी आयोगाला फाशीची शिक्षा रद्द करावी असंच मत कळवलं होतं. तुमच्या संदेशात ते मावत नाहीत.

महिन्याभरात दिल्लीतल्या औरंगजेब रोडला त्यांचं नाव दिलं. मला औरंगजेबाचं प्रेम नाही. पण नवा रस्ता बांधून त्यांचं नाव दिलं असतं तर मी पेढे वाटले असते. एक मुसलमान नाव पुसून तिथेच दुसरं लिहिलं, म्हणजे जागा तेवढीच राहिली.

मग मी आज त्यांच्या वाढदिवसाला इथे का उभी आहे? दारावरचा तो फोटो मी काढून टाकला का? नाही. तो अजून आहे, माझ्या प्रयोगशाळेत. पिवळा पडलाय. कारण 18 जुलैला मी जे रडले ते खोटं नव्हतं. कोणीतरी आपला वापर करून घेतला, असं म्हणून तो आनंद फेकून द्यायचा नाही. राजकारण्यांनी कलामांना उभं केलं ते त्यांच्या गणितानं, हे चाचांचं म्हणणं खरं. पण माझ्या अब्बांनी उभं राहून शपथ ऐकली ती अब्बांच्या हिशेबानं. तो हिशेब कोणी आपल्याकडून हिसकावून घेऊ शकत नाही. मी फक्त त्या फोटोचा प्रमाणपत्र म्हणून उपयोग करणं थांबवलं. कोणी माझी देशभक्ती तपासायला आलं की मी आता कलामांचं नाव पुढे करत नाही.

एक गोष्ट राहिली. निवडीनंतर अब्बांनी ग्रंथालयातून 'अग्निपंख' आणलं, माधुरी शानभागांनी केलेला मराठी अनुवाद. रात्री जेवण झाल्यावर अब्बा मोठ्यानं वाचायचे. अम्मीला वाचता यायचं नाही. मद्रासच्या तंत्रसंस्थेत प्रवेशासाठी पैसे नव्हते तेव्हा बहीण जोहरानं हातातल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली, तो प्रसंग आला. अब्बांचा आवाज दाटला. अम्मी भांडी पुसत होती. तिनं विचारलं, "आणि ती? ती किती शिकली?"

अब्बांनी पान उलटून पाहिलं. पुढे रॉकेटबद्दल होतं.

अम्मी पुढे काही बोलली नाही. पण त्या वर्षी 'मुलीला बारावी पुरे' असं म्हणणाऱ्या फुफीला अम्मीनं एकटीनं तोंड दिलं आणि माझी कॉलेजची फी भरली गेली. आपल्या घरांतून आणखी कलाम निघावेत असं आपण म्हणतो. म्हणू या. पण निघाले तर त्यांच्या फीसाठी कोणाच्या बांगड्या जातील आणि ती किती शिकेल, हे आपण आपल्याच घरात विचारायला हवं. तो प्रश्न आपल्याला कोणी बाहेरून विचारणार नाही, आणि त्याचं उत्तर द्यायला कोणाची परवानगीही लागत नाही. बाहेरच्यांशी समान हक्कांसाठी भांडताना आतल्या बहिणीचा हक्क उद्यावर टाकायचा, हे जमणार नाही. हमीदभाई दलवाईंनी 1966 साली सात बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला तेव्हापासून आपण हेच बोलतोय.

तुमच्यातले जे अठरा पूर्ण आहेत त्यांना एक शेवटचं. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपलं मत नसतं, पण ज्यांना असतं त्या आमदार-खासदारांना आपण निवडतो. यादीत नाव आहे का, हे आज घरी गेल्यावर तपासा. स्वतःचं तपासा, अम्मीचं तपासा, बहिणीचं तपासा. मी अम्मीचं तपासलं होतं तेव्हा वडिलांच्या नावाच्या जागी भलतंच काही छापलेलं निघालं. दुरुस्त करायला चार फेऱ्या झाल्या. केल्या.

अब्बा निवृत्त होऊन गावी गेले. अम्मी माझ्याकडे असते. ती प्लॅस्टिकची पिशवी आता कपाटात वरच्या खणात आहे, फेकलेली नाही. ती फेकता येईल असा दिवस यावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्यासाठी कोणीतरी फार मोठं व्हायची गरज नाही.